बांधावरचा फास : आमच्या साष्टीतल्या सापळ्यांची गोष्ट

गेल्या आठवड्यात काकडीच्या वेलांना माती लावायला गेलो होतो. ओहळाच्या अंगाला कुंपणात एक भोक आहे, तिथे हात घातला तर बोटाला तार लागली. बघतो तर फास. मोटारसायकलच्या क्लचची तार, एक टोक खैराच्या खुंटाला तीन वेढे देऊन आवळलेलं, दुसऱ्या टोकाला सरकता गळा. चांगला सफाईने केलेला. मी सोडवला आणि खिशात घातला.

संध्याकाळी कळलं, शेजारच्या पोराचं काम. पोरगा वाईट नाही. दिवसभर गाडीवरून लोकांच्या घरी सामान पोचवतो, रात्री फोन बघतो. त्याला बोलावलं तर घाबरला नाही, उलट फोनच पुढे केला. त्यात अमेरिकेतला एक दाढीवाला माणूस. जंगलात सापळे लावतो, सकाळी रॅकून काढतो, कातडं सोलून फळीवर ताणतो आणि मांस शिजवून खातो. लाखो लोकांनी बघितलेलं. पोरगा म्हणाला, "काका, आपल्याकडे रॅकून नाही, पण उदमांजर आहे ना! आणि मी काय विकायला नाही लावला, शौक म्हणून लावला. तुमच्या बाबांनी तर आयुष्यभर फास लावले, सगळा पाडा सांगतो."

यावर मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. कारण खोटं काहीच नव्हतं. आमच्या माळ्यावर अजून आजाची वाघूर आहे, अर्धी उंदरांनी खाल्लेली. बाबांनी फास लावले, मी लहानपणी ते सोडवायला त्यांच्याबरोबर गेलो, आणि त्यातलं मटण मी खाल्लंय. मग त्या पोराला कोणत्या तोंडाने सांगायचं? आठ दिवस डोक्यात तेच चाललंय, म्हणून आज रोपांबद्दल न लिहिता हे लिहितो. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी जागा समजून घ्या. आज आपण अंधेरी, गोरेगाव, बोरिवली, मुलुंड म्हणतो तो सगळा साष्टीचा भाग. वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंत साष्टी बेट, आणि मुंबई त्याच्या खाली, वेगळी. खालच्या सखल जमिनीत भात, खाडीच्या बाजूला मिठागरं आणि कोळीवाडे, मधे कान्हेरीचा डोंगर आणि जंगल. जंगलाच्या कडेने वारली, मल्हार कोळी, कातकरी, कोकणा यांचे पाडे. मुंबईला पाणी पाहिजे म्हणून १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी. तलावाच्या वरचं रान राखून ठेवलं गेलं. त्यात १८७८ चा जंगल कायदा आला. तेव्हापासून जंगल सरकारचं आणि त्याच्या कडेचं पीक आपलं, अशी वाटणी पडली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत या जंगल कायद्यावरून एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ मध्ये चौकशीला कमिशन बसवावं लागलं. लाकूड, राब, गुरांची चराई याच्या तक्रारी होत्या. पण जनावराला ही वाटणी कळत नाही. ते सरकारच्या हद्दीत झोपतं आणि आपल्या हद्दीत जेवतं. हे तेव्हाही होतं आणि आजही आहे.

भात पोटरीत आलं की रानडुक्कर येतं. एका रात्रीत खातं थोडं आणि लोळून आडवं करतं जास्त. साळिंदर कंद उकरतं. घूस बांध पोखरते, मग खाचराचं पाणी जातं. उदमांजर फळावर आणि कोंबडीवर. ताडी काढणाऱ्यांना विचारा, ताडाच्या मडक्यात तोंड घालणारं पहिलं गिऱ्हाईक उदमांजर असतं. इंग्रजांनी तर त्याचं नावच ताडीचं मांजर ठेवलं होतं. पोरगा म्हणतो तसा तो रॅकूनचा भाऊ मात्र नाही, कूळ वेगळं. पण धंदा तोच. रात्रीचं फिरायचं, छपरात राहायचं, मिळेल ते खायचं.

या सगळ्यांना शेतकरी काय करणार? माच बांधून रात्रभर जागायचं, डबा वाजवायचा, शेकोटी ठेवायची. आणि जिथे कुंपण फुटतं तिथे फास लावायचा. आमच्या घरात फास हा कोयता-विळ्यासारखा शेताचा सामान होता. त्याचा हंगाम होता. भात पोटरीला आलं की माळ्यावरून खाली आणि झोडणी झाली की परत वर. दोरी घरची असायची. घायपात कुजवून काढलेला वाख, नाहीतर केवणीची साल. आजी मांडीवर वळायची. पावसात ती दोरी कुजायची, म्हणून दरवर्षी नवी. आणि किती फास लावायचे? जेवढे सकाळी उजाडायच्या आत बघून होतील तेवढेच. बाबांचे चार-पाच असायचे. आंघोळीच्या आधी, चहाच्या आधी, पहिलं काम फास बघणं. "लावला त्याने सोडवायचा" असा नियम. लावणारा गावाला जाणार असेल तर आदल्या संध्याकाळी फास काढून ठेवायचा.

वाघुरीचं वेगळं. वाघूर म्हणजे लांब जाळं. ते उन्हाळ्यात, शिमगा झाल्यावर, शेतात काम नसताना. सगळा पाडा मिळून ससा, डुक्कर हाकत न्यायचे. जे मिळेल त्याचे वाटे पडायचे. जाळंवाल्याचा वाटा, ज्याच्या कुत्र्याने उठवलं त्याचा वाटा, आणि ज्या घरात पुरुष माणूस नाही त्या घराचा वाटा. आजी लवकर विधवा झाली, म्हणून आमच्या घरी या तिसऱ्या वाट्याची गोष्ट फार सांगायचे. आमच्यात त्या दिवशीच्या मटणाला चव असायची का, हे आठवत नाही, पण वाटा आला हे सगळ्यांना आठवायचं.

वाघाला आणि बिबट्याला कोणी हात लावायचा नाही. तो वाघोबा. त्याचं ठाणं आजही आरेत आहे, वाघबारशीला नारळ फुटतो. ज्याला देव म्हणतो त्याच्या वाटेवर फास लावायचा नाही, एवढं साधं होतं.

आता मला जुनं सगळं सोन्यासारखं होतं असं दाखवायचं नाही. त्यातली एक गोष्ट सांगतो, जी मी पोरांनाही सांगितली नव्हती. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. बाबांना हिवताप भरला. दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत आणि आम्हा कोणाच्या ध्यानात फास राहिला नाही. तिसऱ्या दिवशी बाबा तसेच कांबळं घेऊन निघाले, मी मागे. फणसाखालच्या फासात उदमांजर होतं. जिवंत. पुढचा पाय फासात, आणि तो पाय त्याने स्वतःच चावून हाडापर्यंत आणला होता. बाबांनी एका घावात संपवलं. ते घरी आणलं नाही, खाल्लं नाही, तिथेच खड्डा केला. घरी येऊन तो फास चुलीत घातला. बोलले काहीच नाहीत. पुढच्या वर्षी फास दोनच लावले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत बंदच केले. लोक म्हणतात कायद्याच्या भीतीने बंद केले. मला माहीत आहे कशाने केले.

हा झाला पाड्याचा सापळा. आता शौकाची गोष्ट. पोरगा म्हणतो "शौक म्हणून". साष्टीत शौकाची शिकारही होती, पण ती पाड्याची नव्हती.

इंग्रजांच्या काळात साहेब लोक साष्टीत विलायती शिकारी कुत्र्यांचा ताफा घेऊन घोड्यावरून कोल्ह्यामागे धावायचे. विलायतेत तांबडा कोल्हा असतो, इथे तो नाही, म्हणून आपला सोनेरी कोल्हा. मांस खायचं नाही, कातड्याचा उपयोग नाही. पळवायचा आणि मारायचा, एवढाच खेळ. थंडीत भाताच्या ओल्या खाचरांत पाणलावे टिपायला बंदुकवाले यायचे. रान हाकायला पाड्यातलेच लोक रोजावर. वाघही होता. विहारच्या बाजूला १९२९ मध्ये वाघ मारल्याची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आहे.

ही सोसायटी म्हणजे बीएनएचएस. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी मुंबईत सुरू केली, त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघे होते. सुरुवातीच्या काळात तिच्यात शिकारी मंडळी पुष्कळ. मारलेल्या जनावरांची मापं, कातडी, कवट्या यातूनच त्यांचा संग्रह वाढला. म्हणजे जनावरं वाचवायचं काम ज्यांनी पुढे केलं, त्यातल्या बऱ्याच जणांचा हात आधी बंदुकीवर बसला होता.

सलीम अली साहेबांचंच बघा. जन्म १८९६, वाढले मामाकडे खेतवाडीत. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारायचे, आणि त्या खायचेही. त्यातल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, खावी की नको कळेना, म्हणून १९०८ मध्ये ती घेऊन बीएनएचएसच्या मिलार्ड साहेबांकडे गेले. तिथून पुढे ते पक्ष्यांचे सलीम अली झाले. ते लहानपणी सुट्टीला चेंबूरला जायचे, तेव्हाचं चेंबूर रान होतं. आज कोणाला पटेल?

त्यांचेच नातेवाईक हुमायून अब्दुलअली. तेही पट्टीचे शिकारी आणि पक्ष्यांचे जाणकार. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचा वन्यप्राणी आणि वन्यपक्षी संरक्षण कायदा १९५१ मध्ये झाला, त्यामागे त्यांचा मोठा हात. कुठलं जनावर कधी मारायचं, कधी नाही, परवाना कोणाला, हे त्या कायद्याने बसवलं. ज्याला बंदुकीची सवय आहे त्यालाच कळतं की हात कुठे थांबायला पाहिजे.

याच सुमाराला आमच्या बाजूचं रान बदलत होतं. १९४९ पासून आरे दुग्धवसाहत उभी राहू लागली. डोंगरावर नॅशनल पार्क झालं, आधी कृष्णगिरी, मग बोरिवली, आता संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, साधारण १०४ चौरस किलोमीटर. पाडे त्याच्या आत आणि कडेला तसेच राहिले.

मग आला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. यातली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. सुरुवातीला या कायद्यात शिकार पूर्ण बंद नव्हती. परवाने होते. मोठ्या शिकारीचा वेगळा, छोट्या शिकारीचा वेगळा, आणि जनावर सापळ्यात धरायचाही एक वेगळा परवाना होता. फी भरा, अर्ज करा, नोंद ठेवा. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने सगळे गेले. आता "शिकार" या शब्दात काय येतं ते कायद्यातच लिहिलंय. मारणं तर आलंच, पण पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, विष घालणं, आमिष ठेवणं, हाकणं, हे सगळं शिकार. आणि नुसता प्रयत्न केला तरी ती शिकारच. म्हणजे रिकामा फाससुद्धा गुन्हा. पहिल्या अनुसूचीतल्या जनावराला तीन ते सात वर्षं कैद.

आमच्या आजाला १९७२ आधी परवाना माहीत नव्हता आणि बाबांना नंतरही नाही. बंदूकवाल्या साहेबाकडे कागद होता, म्हणून त्याची शिकार खेळ. पाड्यातल्याकडे कागद नव्हता, म्हणून त्याचा फास चोरी. हा सल आमच्यात आहे, लपवत नाही. आणि तो आजही संपलेला नाही. दोन वर्षांपूर्वी डुकरांनी माझी रताळ्याची अर्धी जागा उकरली. नुकसानभरपाई मिळते असं ऐकून अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. पहिला प्रश्न, सातबारा? तीन पिढ्या कसतोय, पण आमच्या पाड्याला सातबारा नाही. मग भरपाई नाही. फास लावला तर मी गुन्हेगार आणि नाही लावला तर मी शेतकरीच नाही. त्या दिवशी परत येताना वाटलं होतं, माळ्यावरून काढावी दोरी. राग खरा होता.

पण तरी काढली नाही. कारण तेवढ्यात या पन्नास वर्षांत दुसरं काय काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

बेडकांचं सांगतो. मी शाळेत असताना पहिल्या पावसात रात्री खाचरांत गॅसबत्त्या दिसायच्या. माणसं पोती घेऊन पिवळे मोठे बेडूक धरायची. बत्तीचा उजेड डोळ्यांवर पडला की बेडूक हलत नाही. त्यांचे मागचे पाय कापून, गोठवून परदेशात जायचे, तिकडे हॉटेलात खातात. आपल्या देशातून वर्षाला हजारो टन पाय गेले. पोत्यामागे पैसे मिळायचे म्हणून कोणी मोजलं नाही. बेडूक भातातले किडे खातो, तो गेला की फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर, हे सांगणाऱ्यांत पुन्हा हुमायून अब्दुलअलीच पुढे होते. त्यांनी त्यावर लिहिलं, लोक मागे लागले आणि शेवटी १९८७ मध्ये केंद्र सरकारने निर्यात बंद केली. आम्ही पाड्यातले लोक पण खेकडे, मासे धरतो. पण घरच्या टोपात मावेल तेवढे. हॉटेलच्या टोपाला तळ नव्हता.

कातड्याचंही तसंच. घोरपडीचं कातडं जुन्या काळापासून वाद्याला लागायचं. घुमट म्हणजे मातीचं मडकं, त्याच्या एका तोंडावर घोरपडीचं कातडं ताणलेलं. गोव्यात भजनाला, गणपतीला घुमट, आणि इथे आपल्या ईस्ट इंडियन बांधवांच्या लग्नात घुमट. मरोळ-कोंडिविट्यापासून गोराई-मनोरीपर्यंत ऐकलंय मी. एक घुमट घरात आलं की वर्षानुवर्षं चालायचं, म्हणजे एका घोरपडीत पिढी निघायची. ७२ च्या कायद्यानंतर ते कातडं वापरणं गुन्हा झालं. मग काय घुमट मेलं? नाही. कारागिरांनी बकऱ्याचं कातडं लावून बघितलं, आवाजात थोडा फरक पडला, पण वाद्य राहिलं. गोवा सरकारने तर २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. घोरपडही वाचली, घुमटही वाचलं. आमच्यातल्या ज्यांना वाटतं की कायद्याने सगळी परंपरा मारली, त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

याच्या उलट जिथे बाजार शिरला तिथे बघा. घोरपडीचा एक अवयव वाळवून "हाथाजोडी" नावाची झाडाची मुळी म्हणून विकत होते, घरात ठेवली की लक्ष्मी येते म्हणे. २०१७ मध्ये ते उघडकीस आलं. मुंगसाच्या केसांचे रंगवायचे ब्रश व्हायचे. एका मुंगसातून निघून निघून तोळा-दोन तोळे कामाचे केस, मग एका पेटीभर ब्रशला किती मुंगसं लागली असतील ते मोजा. २०१९ मध्ये "क्लीन आर्ट" नावाची कारवाई झाली, मुंबई-पुण्यातसुद्धा छापे पडले. मुंगूस म्हणजे शेतातल्या उंदरांचा आणि सापांचा बंदोबस्त, फुकटचा. तो ब्रशात गेला.

आता त्या पोराच्या फोनमधल्या अमेरिकेकडे येतो. मी पण मग थोडं शोधलं. तिकडे रॅकूनचं कातडं आणि मांस हे जुनंच आहे. १९२० च्या दशकात कॉलेजची पोरं रॅकूनच्या कातड्याचे लांब कोट घालून मिरवायची. १९५५ च्या आसपास टीव्हीवरच्या एका मालिकेमुळे शेपटीवाल्या टोपीचं वेड लागलं, घराघरात पोरांना टोप्या. १९२६ मध्ये तर राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना सणाच्या जेवणासाठी कोणीतरी जिवंत रॅकून पाठवला. त्यांनी तो कापला नाही, पाळला, नाव ठेवलं रेबेका. पण त्याच देशात कातड्याच्या धंद्यापायी बीव्हर नावाचं जनावर एकोणिसाव्या शतकात जवळजवळ संपायला आलं होतं. त्यातून शहाणे होऊन त्यांनी नियम केले. आज तिकडे सापळा लावायला परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो, आणि बऱ्याच राज्यांत सापळा अमुक तासांत बघितलाच पाहिजे असा कायदा आहे. हे वाचल्यावर मी थांबलोच. लावला त्याने सोडवायचा, उजाडायच्या आत! आमच्या बाबांचा नियम अमेरिकेच्या कायद्यात. फोनवरच्या व्हिडिओत सोललेलं कातडं दिसतं, परवाना दिसत नाही, एवढंच.

तर पोराला माझं उत्तर असं.

बाबा रे, माझ्या बापाने फास लावले, खरं आहे. पण तुझा फास आणि त्यांचा फास यात दोरीचा फरक आहे आणि तो लहान नाही. वाखाची दोरी ससा धरते. बिबट्या अडकला तर दोन हिसक्यांत तुटते, नाही तुटली तर पावसात कुजते. विसरलेला फास आपोआप मरतो. तुझी क्लचची तार मरत नाही. ती पाच वर्षं त्या खुंटाला राहील, तू नोकरीला दुसरीकडे गेलास तरी राहील, आणि रोज रात्री मांडलेलीच राहील. तिला काय धरायचं आणि काय सोडायचं ते कळत नाही. काही वर्षांपूर्वी फिल्मसिटीच्या बाजूला अशाच तारेच्या फासात बिबट्या मेला. कोणी त्याला धरायला थोडाच लावला होता? लावला असेल डुकराला. आपण ज्याला नारळ फोडतो तो आपल्याच तारेत गेला.

आणि अर्धमेला सुटला तर? कंबरेत तार रुतलेला बिबट्या सांबरामागे धावू शकत नाही. तो कुत्र्यामागे येतो, कोंबडीमागे येतो, आणि आपली पोरं संध्याकाळी अंगणात असतात. हे भीती घालायला सांगत नाही. पाड्यात राहणाऱ्याला यातलं काही नवीन नाही.

दुसरं, बाबांचा फास पिकासाठी होता, म्हणून त्याला पिकाएवढंच माप होतं. पीक घरात आलं, फास माळ्यावर गेला. शौकाला झोडणी नसते. तो कधी संपायचा? आणि एवढं माप असूनही एक दिवस बाबांचं चुकलं, तो फणसाखालचा पाय मी बघितलाय. तू तर दिवसाचे बारा तास गाडीवर असतोस. तुझा फास कोण बघणार?

हे मी त्याला काल सांगितलं. पायाची गोष्टही सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मग डुकराचं काय करायचं ते सांगा." प्रश्न बरोबर आहे. त्याच्यावर माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे, ते इथे लिहितो.

उदमांजरासाठी कोंबड्यांचं खुराडं रात्री बंद, जाळी बारीक, आणि छपराला टेकलेली फांदी छाटायची. पडलेली फळं झाडाखाली ठेवायची नाहीत. घूस-उंदराला मुंगूस आणि घुबड राहू द्या, बिळं बुजवा, बांध साफ ठेवा. डुकराला मी काकडीच्या बाहेरून करवंद-घायपाताचं दाट कुंपण लावतोय, दोन वर्षं लागतील. तोवर माच आणि डबा. कुंपणात वीज सोडू नका, त्यात माणसं मेलीत. ज्यांच्याकडे सातबारा आहे त्यांनी नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत अर्ज करा, फोटो काढा, पंचनामा मागा. डुक्कर फारच त्रास देत असेल तर कायद्याच्या कलम ११ मध्ये लेखी परवानगीची वाट आहे, ती वनाधिकाऱ्याकडून जाते, आपल्या खुंटावरून जात नाही. आणि ज्यांच्याकडे सातबारा नाही, त्या आपल्या पाड्यांनी एकत्र अर्ज करायला पाहिजे, एकेकट्याचं कोणी ऐकत नाही हे मी बघून आलोय. कसतो तो शेतकरी, एवढं तरी कागदावर आलं पाहिजे. पोरगा म्हणाला, अर्ज मी टाईप करून देतो. बघू.

ती तार मी फेकली नाही. शिराळ्याच्या मांडवाला ताण द्यायला वापरली, चांगली मजबूत आहे.

एक विनंती. कोणाच्या घरी जुनी वाघूर, आजीने वळलेली वाखाची दोरी असेल तर फोटो टाका. कोणत्या गाठीला तुमच्याकडे काय म्हणतात तेही लिहा. आमची तर उंदरांनी खाल्ली. आणि तुमच्या बांधाला, ओहळाला, कुंपणाच्या भोकाला एकदा हात लावून बघा. तार लागली तर सोडवा.

पुढच्या वेळी काकडीवरच्या भुरीबद्दल लिहितो.